पिसांचा हिशेब

१८९९ साली अमेरिकी सरकारने पाच डॉलरची एक नोट काढली. नोटेच्या मधोमध एका माणसाचा चेहरा आहे. गंभीर, ताठ, आणि डोक्यावर पिसांचा भरगच्च टोप. हा माणूस चित्रकाराच्या कल्पनेतला नव्हता. त्याचं नाव रनिंग अँटिलोप, म्हणजे धावतं हरीण. हुंकपापा लाकोटा लोकांचा तो एक मुखिया होता. नोट निघाली तेव्हा तो हयात नव्हता. जुन्या नोटा जमवणारे आजही या नोटेला 'वनपापा' म्हणतात. 'हुंकपापा'चा तो अपभ्रंश.

चेहरा त्याचा, पण टोप मात्र त्याचा नव्हता. ज्या फोटोवरून हे चित्र कोरलं, त्यात त्याने असा टोप घातलेला नाही. त्याच्या केसांतली उभी पिसं नोटेच्या चौकटीत बसेनात, म्हणून कोरणाऱ्याने दुसऱ्याच कुणाचा टोप त्याच्या डोक्यावर चढवला, असं सांगतात. हा टोप पॉनी लोकांच्या धाटणीचा म्हणून ओळखला जातो. आणि पॉनी म्हणजे लाकोटांचे पिढ्यानपिढ्यांचे वैरी.

छापखान्याच्या दृष्टीने यात बिघडलं काहीच नाही. पिसं ती पिसंच! पण लाकोटांना हे कसं दिसलं असेल, हे समजायचं तर आधी एक पीस मिळायला काय लागायचं, ते पाहायला हवं.

एका पिसाची किंमत

आधी नावांचा थोडा गुंता सोडवू. 'सू' हे नाव या लोकांनी स्वतःला दिलेलं नाही. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी त्यांना दिलेल्या नावाचा फ्रेंच व्यापाऱ्यांनी केलेला हा तुकडा. ते स्वतःला लाकोटा, डाकोटा म्हणवतात. 'शायान' हे नावही डाकोटांकडून आलेलं. शायान लोक स्वतःला त्सित्सिस्तास म्हणतात. आणि 'रेड इंडियन' हा आपल्या गोष्टींच्या पुस्तकांतला शब्द तर कोलंबसच्या चुकलेल्या पत्त्यातून जन्मलेला. उत्तर अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांत, आजच्या डाकोटा, मोंटाना, वायोमिंग, नेब्रास्का, कोलोरॅडो या भागात हे लोक रानगव्यांच्या कळपांमागे घोड्यांवरून फिरत.

मोठी पसरट पिसं, कपाळावर मण्यांची पट्टी, पाठीवर लोंबणारं शेपूट, असा जो टोप आपल्या डोळ्यांपुढे येतो, त्याला इंग्रजीत 'वॉर बॉनेट' म्हणतात आणि लाकोटा भाषेत 'वापाहा'. तो मैदानी प्रदेशातल्या लोकांचा. नाव युद्धाचं असलं तरी प्रत्येक योद्धा तो घालत नसे. तो मिळवावा लागे.

कसा? लढाईत सगळ्यात मोठा पराक्रम शत्रूला मारण्याचा मानला जात नसे. जिवंत, हत्यारबंद शत्रूच्या इतकं जवळ जायचं की त्याला हाताने किंवा काठीने स्पर्श करता येईल, आणि परत यायचं, हा खरा पराक्रम. फ्रेंच व्यापाऱ्यांनी याला 'कू' म्हटलं, म्हणजे फटका. पहिला स्पर्श करणाऱ्याचा मान मोठा, त्यानंतरच्यांचा उतरता. घोड्यावरून पडलेल्या साथीदाराला गोळीबारातून उचलून आणणं, शत्रूच्या छावणीतून घोडा सोडवून आणणं, हेही हिशेबात धरलं जाई.

आणि हा हिशेब चारचौघांत मांडावा लागे. साक्षीदार लागत. खोटा दावा करणाऱ्याची नाचक्की ठरलेली. डाकोटांमध्ये तर पिसावर खुणाही असत. लाल ठिपका म्हणजे शत्रू मारला, उभं चिरलेलं पीस म्हणजे अंगावर जखमा झेलल्या. वाचता येणाऱ्याला माणसाच्या डोक्याकडे पाहून त्याचं आयुष्य वाचता येई. सैनिकाच्या छातीवरच्या पदकांसारखंच हे, फक्त पदकं देणारं सरकार नव्हतं. देणारे शेजारी होते, ज्यांनी तुम्हाला लढताना पाहिलं होतं.

मराठी वर्तमानपत्रांत रोज कुणाच्या ना कुणाच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला जातो. आपल्याकडे तो आता वाक्प्रचार उरलाय. त्यांच्याकडे तो शब्दशः खरा होता.

गरुड आणि खड्डा

टोपासाठी पीस लागे ते सोनेरी गरुडाचं, तेही वयात न आलेल्या. या वयात त्याच्या शेपटीची पिसं पांढरीशुभ्र असतात आणि टोकाला गडद तपकिरी. एका गरुडाच्या शेपटीत बारा पिसं. पूर्ण टोपाला तीस-एक पिसं लागणार, म्हणजे निदान तीन पक्षी. पाठीवर शेपूट सोडायचं असेल तर आणखी.

गरुड पकडायची रीत अशी : उंच टेकाडावर माणूस बसेल एवढा खड्डा खणायचा. आत बसून वर फांद्या आणि गवत पसरायचं. त्यावर सशाचं किंवा कसलंतरी मांस ठेवायचं. मग वाट बघायची. गरुड उतरला की खालून हात घालून त्याचे दोन्ही पाय एकदम धरायचे. नुसत्या हातांनी. त्या नख्यांनी मनगट फाटू शकतं. शायानांमध्ये हे काम करणारे निवडक लोक होते आणि त्याआधी प्रार्थना, व्रत, शुद्धीकरण सगळं करावं लागे. गरुड सगळ्यांत उंच उडतो, म्हणून वरच्या शक्तीच्या सर्वांत जवळचा, ही त्यामागची श्रद्धा.

या पिसांचं मोल बाहेरच्यांच्याही लगेच लक्षात आलं. १८०४ ते १८०६ या काळात लुईस आणि क्लार्क यांची मोहीम या भागातून गेली. मिसुरी नदीकाठच्या मँडन आणि त्यांच्या शेजाऱ्यांत दोन गरुडांच्या शेपट्यांना एक चांगला घोडा मिळतो, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे.

बांधणीही पाहण्यासारखी. मध्ये मऊ कातड्याची टोपी. प्रत्येक पिसाच्या देठाला कातडी फासा करून ते टोपीवर ओवायचं. मग पिसांच्या मधून दुसरी वादी फिरवायची, म्हणजे सगळी पिसं एका अंतरावर राहतात, पण सुटी. म्हणूनच घोडा दौडला की टोप जिवंत असल्यासारखा उघडतो-मिटतो. देठांना लाल बनाती कापड, बुडाशी मऊ पिसांचे गोंडे, टोकाला घोड्याचे केस, कानांच्या बाजूंना पांढऱ्या अर्मिनची कातडी, कपाळावर मण्यांची पट्टी.

आता यातलं काय-काय कुठून आलं बघा. लाल बनात युरोपातून. काचेचे मणीही युरोपातून. घोडा स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत आणलेला. म्हणजे ज्याला आपण 'आदिम' समजतो तो टोप त्या रूपात घडला तो जगाच्या व्यापाराच्या ऐन मध्यात. परंपरा गोठलेली नव्हती. नवीन वस्तू आली की ती आपल्या नियमात बसवून घेतली जाई. नियम मात्र ठाम होते.

शेजारच्या ओमाहा लोकांबद्दल अॅलिस फ्लेचर आणि स्वतः ओमाहा असलेले फ्रान्सिस ला फ्लेश यांनी १९११ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यात टोप बनवण्याचं वर्णन आहे. हे एकट्याने करायचं काम नव्हे. अनेकांच्या मदतीने टोप तयार होई आणि पीस बसवण्याआधी ते कोणत्या पराक्रमाचं, हे सांगावं लागे. म्हणजे टोप पूर्ण झाला तेव्हा त्यात एकाच माणसाची नव्हे, त्याच्या साथीदारांचीही कामगिरी आणि संमती ओवलेली असे.

लोखंडी काटा

नियम किती ठाम, हे सांगणारी एक गोष्ट शायान लोक सांगतात. रोमन नोज हा त्यांचा सर्वांत गाजलेला योद्धा. गोरे त्याला 'चीफ' म्हणत, पण तो मुखिया कधीच नव्हता. शायानांचं मुखियांचं मंडळ चव्वेचाळीस जणांचं आणि त्यांचं काम शांतता राखण्याचं. रोमन नोज लढवय्या होता, एवढंच.

तरुणपणी उपवास करत असताना त्याला दृष्टांतात एक शिंगाचा सर्प दिसला. त्यावरून आइस नावाच्या वैद्याने त्याच्यासाठी टोप बनवला. कपाळावर मधोमध एकच शिंग आणि घोड्यावर बसल्यावरही जमिनीपर्यंत पोचेल एवढं लांब पिसांचं शेपूट. टोपाबरोबर अटी आल्या. त्यातली एक : धातूचा स्पर्श झालेलं अन्न खायचं नाही. पाळलं नाही तर धातू, म्हणजे गोळी, अंगात शिरेल.

सप्टेंबर १८६८. कोलोरॅडोत अरिकारी नावाच्या ओढ्यातल्या एका बेटावर मेजर फोर्साइथच्या पन्नासेक माणसांना शायान, लाकोटा आणि अरापाहो यांनी घेरलं होतं. त्या माणसांकडे एकापाठोपाठ गोळ्या झाडणाऱ्या स्पेन्सर बंदुका होत्या. रोमन नोज सकाळच्या हल्ल्यात नव्हता. काही दिवसांपूर्वी लाकोटांच्या छावणीत तो जेवला होता आणि वाढणाऱ्या बाईने भाकरी लोखंडी काट्याने उचलली होती. हे त्याला नंतर कळलं. शुद्धीकरणाचा विधी होता, पण त्याला वेळ लागतो, आणि लढाई थांबत नव्हती.

दुपारी लोक त्याच्याकडे आले. माणसं मरताहेत आणि तू मागे बसलायस, असं एका म्हाताऱ्याने सुनावलं. रोमन नोजने काय होणार ते सांगितलं, टोप बाहेर काढला, रंग लावला आणि घोड्यावर बसला. काठाच्या गवतात दबा धरून बसलेल्यांची गोळी त्याला लागली. १७ सप्टेंबरला संध्याकाळी तो गेला.

ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली त्यात जॉर्ज बेंटचा वाटा मोठा आहे. आई शायान, वडील गोरे व्यापारी, आणि स्वतः शायानांबरोबर राहिलेला. तुम्ही दृष्टांतावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. त्या माणसाने काय केलं ते बघा. टोपाच्या अटी मोडल्यात हे माहीत असताना तो घालून बाहेर पडणं म्हणजे मरायला निघणं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टोप त्याच्यासाठी शोभेची वस्तू नव्हता, करार होता.

याच्या उलट उदाहरण क्रेझी हॉर्सचं. १८७६ च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवणाऱ्यांत तो पुढे होता. मिळवायचा म्हटलं तर टोपावर त्याच्याइतका हक्क कुणाचा? पण तो टोप घालत नसे. त्याला पडलेल्या दृष्टांताने साधेपणा सांगितला होता. केसांत एखादं पीस, कानामागे एक दगड, बस्स. सिनेमात मात्र हमखास उलटं दिसतं : जितका मोठा सरदार, तितका मोठा टोप.

१८८३

या गोष्टीत एक साल लक्षात ठेवण्याजोगं आहे.

१८८३ साली अमेरिकी सरकारने 'इंडियन गुन्ह्यांची संहिता' लागू केली. लाकोटांचा सूर्यनृत्याचा विधी, मेजवान्या, पारंपरिक वैद्यांचे उपचार हे सगळं गुन्हा ठरलं. शिक्षा म्हणजे तुरुंग किंवा शिधा बंद. रानगव्यांचे कळप संपवून झाले होते, लोकांना राखीव वस्त्यांत कोंडलं होतं, त्यामुळे शिधा बंद म्हणजे उपासमार. मुलं आधीच पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलसारख्या निवासी शाळांत नेली जात होती. तिथे पहिल्यांदा केस कापले जात.

त्याच १८८३ साली नेब्रास्कात बफेलो बिल कोडीने आपला 'वाइल्ड वेस्ट' खेळ सुरू केला. या खेळात खरे लाकोटा, खरे टोप घालून, खोट्या लढाया लढत. प्रेक्षक तिकीट काढून बघत. १८८५ मध्ये सिटिंग बुल स्वतः चार महिने या खेळाबरोबर फिरला. १८८७ मध्ये खेळ लंडनला गेला, राणी व्हिक्टोरियाने पाहिला.

म्हणजे घरी विधी करायला बंदी आणि परदेशी रिंगणात त्याच्या नकलेला टाळ्या. हा विरोधाभास सर्वांत उघडा पडला तो १८९० नंतर. त्या वर्षी १५ डिसेंबरला सिटिंग बुलला अटक करताना मारलं गेलं. २९ डिसेंबरला वुंडेड नी इथे कस्टरच्याच सातव्या घोडदळाने लाकोटांवर गोळ्या चालवल्या. मेलेल्यांत बायका-मुलं मोठ्या संख्येने होती. त्यानंतर किकिंग बेअर, शॉर्ट बुल अशा काही पुढाऱ्यांना कैद झाली आणि १८९१ मध्ये कैदेतून काढून त्यांना सोपवलं कुणाकडे, तर बफेलो बिलकडे. ते त्याच्या खेळाबरोबर युरोपला गेले.

या कलाकारांना बाहुल्या समजणं मात्र चूक ठरेल. खेळात पगार होता, पोटभर अन्न होतं, वस्तीबाहेर पडायची परवानगी होती. आणि जी गाणी, जे नाच घरी बंद होते, ते निदान कुठेतरी करता येत होते. लूथर स्टँडिंग बेअर १८७९ मध्ये कार्लाइल शाळेत गेलेल्या पहिल्या मुलांपैकी एक. पुढे तो याच खेळाबरोबर इंग्लंडला गेला, मग हॉलिवूडमध्ये काम केलं आणि १९२८ मध्ये आपल्या लोकांबद्दल स्वतः पुस्तक लिहिलं.

खेळ आणि सिनेमाचा आणखी एक परिणाम झाला. जगाला वाटू लागलं की सगळे मूलनिवासी असेच टोप घालतात. चेरोकींचा पोशाख पागोट्यासारखा, इरोक्वॉयांची टोपी वेगळी, नावाहोंची तऱ्हा वेगळी. पण पर्यटकांना फोटोत 'खरा इंडियन' हवा असे. मग नॉर्थ कॅरोलायनात रस्त्याच्या कडेला चेरोकी माणसंही मैदानी प्रदेशातला टोप घालून उभी राहू लागली. पोट होतं, काय करणार!

देवी आणि राष्ट्राध्यक्ष

१९०७ मध्ये दहा डॉलरचं सोन्याचं नाणं निघालं. त्यावर स्वातंत्र्यदेवता आहे, चेहरा युरोपीय, डोक्यावर पिसांचा टोप. ही कल्पना राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टची. मुख्यतः पुरुषांनी लढाईत मिळवायची वस्तू आता एका संगमरवरी देवीच्या डोक्यावर होती, आणि ज्यांची ती वस्तू त्यांतल्या अनेकांना अजून देशाचं नागरिकत्वही नव्हतं.

ते मिळालं १९२४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या सहीने. १९२७ च्या उन्हाळ्यात कूलिज सुट्टीसाठी ब्लॅक हिल्समध्ये आले. डेडवुड इथे लाकोटांनी त्यांना दत्तक घेऊन 'लीडिंग ईगल' असं नाव दिलं आणि डोक्यावर टोप ठेवला. सूट, टाय आणि पाठीवर लोळणारी पिसं, असा तो फोटो खूप गाजला. लोकांनी चेष्टाही केली.

पण ते डोंगर कुणाचे? १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने ब्लॅक हिल्स लाकोटांना कायमचे लिहून दिले होते. सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये सरकारने ते काढून घेतले. कूलिज यांनी त्याच ऑगस्टमध्ये, त्याच डोंगरात, माउंट रशमोरच्या शिल्पाच्या कामाचाही समारंभपूर्वक प्रारंभ केला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन बेकायदा घेतली गेल्याचं मान्य करून सुमारे साडेदहा कोटी डॉलरची भरपाई ठरवली. लाकोटांनी ती आजवर उचललेली नाही. आम्हाला पैसे नकोत, डोंगर हवेत, हे त्यांचं म्हणणं.

लाकोटांनी कूलिज यांना टोप दिला त्याकडे या उजेडात पाहायला हवं. मान देणं हे नातं जोडणं आहे, आणि नात्यात देणं लागतं. पाहुण्याने टोप घेतला, देणं तसंच राहिलं.

शीतगृहातले गरुड

आज टोप बनवायचा असेल तर? १९४० चा गरुड संरक्षण कायदा १९६२ मध्ये सोनेरी गरुडालाही लागू झाला, त्यात मूलनिवासींच्या धार्मिक वापरासाठी सवलत ठेवून. सामान्य अमेरिकी माणसाला रस्त्यात पडलेलं गरुडाचं पीसही खिशात घालता येत नाही. विकत घेणं-देणं तर कुणालाच नाही.

मग पिसं येतात कुठून? कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ कॉमर्स सिटी इथे सरकारचं राष्ट्रीय गरुड भांडार आहे. विजेच्या तारांना चिकटून, गाडीची धडक बसून किंवा आपसूक मेलेले गरुड देशभरातून तिथे पाठवले जातात. सरकारी मान्यता असलेल्या जमातीची नोंदणीकृत व्यक्ती अर्ज करू शकते. पैसे पडत नाहीत, पण रांग मोठी असते. तरुण सोनेरी गरुडाला, म्हणजे त्याच पांढऱ्या-तपकिरी पिसांना, सर्वांत जास्त मागणी. पूर्ण पक्ष्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. खड्ड्यात बसून वाट पाहणाऱ्याच्या जागी आता अर्ज भरून वाट पाहणारा आहे.

हे ध्यानात ठेवलं की दुसऱ्या बाजूचा राग कळतो. २०१२ मध्ये व्हिक्टोरियाज सिक्रेटच्या फॅशन शोमध्ये एक मॉडेल अंतर्वस्त्रांवर असा टोप घालून चालली. मोठा आक्षेप आला, कंपनीने माफी मागितली, प्रक्षेपणातून तो भाग काढला. २०१४ मध्ये गायक फॅरेल विल्यम्स एका मासिकाच्या मुखपृष्ठावर तसाच टोप घालून आला, त्यानेही माफी मागितली. २०१५ मध्ये माँट्रियालच्या ओशिआगा संगीत महोत्सवाने प्रेक्षकांना असे टोप घालून यायला बंदी केली.

'एवढं काय त्यात, टोपीच तर आहे,' असं कुणी म्हणेल. पण सैन्यात एक दिवसही न गेलेला माणूस परमवीरचक्र लावून पार्टीला आला तर आपण काय म्हणू? आणि ज्या लोकांच्या आजोबांना हेच घालून आपला विधी केल्याबद्दल तुरुंग दाखवला, त्यांच्याच देशात हे शंभर रुपड्यांच्या रंगवलेल्या कोंबडीच्या पिसांत विकलं जात असेल तर?

प्रश्न बाहेरच्यांपुरताच आहे असंही नाही. जुलै २०२२ मध्ये कॅनडात पोप फ्रान्सिस यांनी निवासी शाळांतल्या अत्याचारांबद्दल माफी मागितली. त्यानंतर मास्कवाचिस इथे क्री मुखिया विल्टन लिटलचाइल्ड यांनी त्यांच्या डोक्यावर टोप ठेवला. लिटलचाइल्ड स्वतः अशा शाळेत वाढलेले. मूलनिवासींमध्येच यावर दोन तट पडले. काहींना तो मोठ्या मनाचा सन्मान वाटला, काहींना इतकी मोठी गोष्ट इतक्या लवकर द्यायला नको होती. हा वादच सांगतो की टोपाचा हिशेब अजून चालू आहे. कुणाला द्यायचा, कुणी द्यायचा, कशासाठी, हे अजूनही लोक आपसांत भांडून ठरवतात.

आणि हा हिशेब पुढेही चाललाय. आजच्या मैदानी जमातींमध्ये सैन्यातून परतलेल्यांना गरुडाचं पीस दिलं जातं. पाऊवाऊच्या नाचात कुणाच्या पोशाखातलं पीस जमिनीवर पडलं तर नाच थांबतो आणि ते पीस सन्मानाने उचलण्याचं काम माजी सैनिकांकडे जातं. शाळा पूर्ण करणाऱ्या मुलामुलींनाही घरचे वडीलधारे एक पीस देतात. ते पदवीच्या चौकोनी टोपीला लावायचं म्हटलं की अनेक शाळा गणवेशाचा नियम पुढे करून अडवत. मोंटानाने २०१७ मध्ये मुलांचा हा हक्क कायद्यात लिहिला. ओक्लाहोमात २०२३ मध्ये राज्यपालांनी असं विधेयक फेटाळलं, तर विधिमंडळाने त्यांचा नकार ओलांडून ते मंजूर केलं.

निवासी शाळेत पहिल्या दिवशी पणजोबांचे केस कापले, त्या घरातली मुलगी आज शाळेच्या व्यासपीठावर टोपीला एक पीस लावून प्रमाणपत्र घेते. तीस नाही, एकच. ते तिने मिळवलंय, आणि साक्षीला सगळं घर समोर बसलेलं असतं.